कानांना भिंती

हेडफोनच्या कपात एक पातळ पडदा असतो. तो पुढे सरकला की कानाकडची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. म्हणजे जेवढा आवाज कानाकडे येतो, तेवढाच उलट्या अंगाने मागेही जातो. त्या मागच्या आवाजाचं करायचं काय, यावरून हेडफोनमध्ये दोन घराणी पडली आहेत. एक म्हणतं, जाऊ दे त्याला. कपाला जाळी लावा, खोलीत विरून जाईल. हे ओपन-बॅक. जर्मनीच्या झेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ आणला, तिथून हे घराणं रुजलं. दुसरं घराणं त्याहून जुनं. ते म्हणतं, कप बंद करा. आतलं आत, बाहेरचं बाहेर. हे क्लोज्ड-बॅक.

माझं पोट या दुसऱ्या घराण्यावर चालतं. गोरेगावातल्या एका डबिंग स्टुडिओत मी रेकॉर्डिस्ट आहे. मालिका, जाहिराती, हल्ली ऑडिओबुकं जास्त. त्यामुळे ओळखीतल्या कोणाला बोनस मिळाला की मला फोन येतो, "ताई, एक भारीतला हेडफोन घ्यायचाय, क्लोज्ड-बॅकच हवा." मी विचारते, बंदच का? बऱ्याच जणांकडे याला उत्तर नसतं. कुठेतरी स्टुडिओतला फोटो पाहिलेला असतो, गायकाच्या कानावर मोठे काळे कप असतात, म्हणजे तेच उत्तम असणार, एवढंच.

बंद कप ही सोय आहे, दर्जाची पावती नव्हे. रात्री शांत खोलीत एकटे ऐकत बसणार असाल आणि आवाज बाहेर गेल्याने कोणाची झोपमोड होणार नसेल, तर त्याच पैशात मिळणारा ओपन-बॅक बहुतेक वेळा जास्त मोकळा वाजतो. सांगलीचे एक काका, माझ्या सहकाऱ्याचे वडील, नाट्यसंगीताचे भोक्ते. त्यांच्यासाठी महागडा बंद हेडफोन घ्यायचं घरात ठरलं होतं. काकांची ऐकायची खोली वरच्या मजल्यावर, मागे उसाचं शेत. कोणापासून लपवायचं होतं त्यांना? मी ओपन-बॅक सुचवला आणि उरलेल्या पैशात त्यांनी रेकॉर्ड प्लेअरची सुई बदलली.

आमच्या बूथमध्ये मात्र भिंतीला पर्याय नाही. कलाकाराच्या तोंडापासून माइक वीतभर लांब. त्याच्या कानात मूळ भाषेतला पायलट ट्रॅक, समोरच्या पात्राचा संवाद, गाणं असेल तर तालाची क्लिक. यातलं काही कपातून बाहेर झिरपलं की थेट माइकमध्ये शिरतं. त्याला आम्ही ब्लीड म्हणतो. भरगच्च प्रसंगात ते खपून जातं, पण गाण्याच्या शेवटच्या, लांबत जाणाऱ्या सुराखाली क्लिकची टिकटिक ऐकू आली की टेक वाया. आणि हे कळतं मिक्सिंगला बसल्यावर, गायक तोवर दुसऱ्या स्टुडिओत पोहोचलेला असतो.

मुरलेले गायक एक कप कानावरून सरकवून ठेवतात. बघणाऱ्याला ती ऐट वाटते. कारण वेगळं आहे. कान झाकला की स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून येऊन कानाच्या नळीत कोंडतो आणि घुमतो. गाणाऱ्याला आपला सूर नेमका कुठे लागलाय ते कळेनासं होतं. एक कान उघडा ठेवला की खोलीतला खरा आवाज मिळतो. पण तो सरकवलेला कप माइककडे तोंड करून क्लिक ओकत राहतो. अशा वेळी मी त्या बाजूचा आवाज कन्सोलवरूनच बंद करते. एकेजीने के२७१ मॉडेलच्या हेडबँडमध्ये अशी सोय ठेवली आहे की हेडफोन डोक्यावरून काढला की आवाज आपोआप थांबतो. हे करणाऱ्या माणसाने नक्की कुठल्यातरी बूथबाहेर बसून डोक्याला हात लावला असणार.

घरी ऐकणाऱ्याला भिंत लागते ती दोन कारणांसाठी. शेजारी झोपलेल्या माणसाला त्रास होऊ नये, किंवा स्वयंपाकघरातला मिक्सर, टीव्हीवरची मालिका, खालची रिक्षा यांतून आपलं गाणं वाचवायचं. पण भिंत सगळं सारखं अडवत नाही. साधा बंद कप उंच पट्टीचे आवाज चांगले रोखतो: कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, मुलांची किरकिर. बायरडायनॅमिक कंपनी आपल्या डीटी ७७० प्रोसाठी सुमारे १८ डेसिबल आवाज अडतो असं सांगते, पण हा सरासरीचा आकडा. खर्जातली घरघर, म्हणजे बसचं इंजिन, विमानाची गुणगुण, जनरेटर, ती भिंतीतून आरपार येते. तिथे नॉइज कॅन्सलेशनचे हेडफोन कामाचे. ते बाहेरच्या घरघरीच्या नेमकी उलटी लाट तयार करून तिला खोडतात, आणि हे खर्जातच सगळ्यात छान जमतं. रोज लोकलने विरार ते चर्चगेट करणाऱ्याने उच्च दर्जाच्या वायरवाल्या हेडफोनवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ब्लूटूथवाला, नॉइज कॅन्सलेशनचा घ्यावा आणि सुखात राहावं.

आता समजा भिंत हवीच आहे. मग तिचे पैसे दोनदा मोजावे लागतात, एकदा कपाच्या आत आणि एकदा कानाभोवती.

आधी आतलं. कप बंद केला म्हणून मागचा आवाज नाहीसा होत नाही. तो कपाच्या तळावर आपटून परत फिरतो आणि पडदा इतका पातळ असतो की त्यातून गाळून पुन्हा कानात येतो, किंचित उशिरा, किंचित बिघडून. कपाची आतली रुंदी सहा-सात सेंटिमीटर धरली, तर त्या मापात नीट बसणारी लाट अडीच हजार हर्ट्झच्या आसपासची निघते. नेमकी अडचणीची जागा ही! माणसाचा कान दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये सगळ्यात तिखट असतो. बोलण्याची स्पष्टता, गायकाच्या आवाजाची धार, सतारीच्या जवारीचा बराचसा भाग याच पट्ट्यात. स्वस्त बंद हेडफोनमध्ये गायक हौदात उभा राहून गातोय असं वाटतं, ते यामुळे.

महाग हेडफोनमधला मोठा खर्च हा हौद रिकामा करण्यावर होतो, आणि त्याच्या तऱ्हा बघण्यासारख्या आहेत. झेनहायझरने २०१८ मध्ये एचडी ८२० काढला, त्याच्या कपाला बाहेरून चक्क काच आहे, मोबाइलच्या पडद्याला असते तसल्या मजबूत जातीची, आणि ती आतल्या बाजूला वाकवलेली. मागचा आवाज त्या काचेवर आपटून सरळ परत येण्याऐवजी कडेच्या शोषक कप्प्यांत जावा, ही कल्पना. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या डॅन क्लार्क ऑडिओने २०२१ मध्ये स्टेल्थ आणला. त्यात पडदा आणि कान यांच्यामध्ये बारीक भोकांची आणि पोकळ्यांची एक चकती बसवली आहे. प्रत्येक पोकळी ठरावीक लहरी गिळण्यासाठी मापून केलेली. याला ते मेटामटेरियल म्हणतात. फ्रान्सच्या फोकलने २०१९ च्या स्टेलियात पडदाच बेरिलियम धातूचा केला, हलका आणि ताठ. जपानी मंडळी लाकडाकडे वळली. फॉस्टेक्सच्या टीएच९०० ला जपानी चेरी-बर्चचे कप, वर उरुशी लाखेचा लालभडक थर. डेनॉनच्या एएच-डी९२०० ला बांबू. लाकडाने आवाज बदलतो तो थोडा. कपाचा आकार, आतलं लोकरीचं किंवा नमद्याचं अस्तर आणि हवेला ठेवलेली बारीक वाट यांनी बदलतो तो जास्त. पण लाकूड डोळ्यांना सुंदर दिसतं आणि एवढे पैसे दिल्यावर माणसाला काहीतरी हातात धरून मिरवावंसं वाटतंच, त्यात गैर काय?

पैसे म्हणजे किती? स्टेलिया आला तेव्हा अमेरिकेत सुमारे ३,००० डॉलर, स्टेल्थ ४,००० डॉलर. आपल्याकडे आयात करताना त्यावर कर चढतो. उलट आमच्या स्टुडिओत रोज वापरात असलेले हेडफोन, म्हणजे सोनीचा १९९१ पासून तसाच मिळणारा निळ्या पट्टीचा एमडीआर-७५०६, ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स, बायरचा डीटी ७७०, यांची किंमत एका बऱ्या मोबाइलपेक्षा कमी. त्यांचे आवाज एकमेकांपासून वेगळे आहेत. सोनी वरच्या पट्टीत टोचतो, म्हणून 'स' आणि 'श' कुठे जास्त झालेत ते पकडायला उत्तम आणि निवांत ऐकायला थकवणारा. कामाच्या हेडफोनने खोड काढावी, हेच त्याचं काम.

किंमत वाढली की आवाज आपोआप सुधारतो, या समजाला मोजमापाचा आधार नाही. जेरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोन मोजून पाहिले. कुठल्या पट्टीचा आवाज किती येतो हे मोजलं, किमतीशी ताडून पाहिलं. दोन्हींत संबंध निघाला नाही. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच दशकात माणसांना बसवून, कुठल्या ब्रँडचा हेडफोन ते न सांगता ऐकवलं आणि बहुतेकांना कसा आवाज आवडतो त्याची एक रेषा काढली. ती हर्मन कर्व्ह आज सगळीकडे मापदंड म्हणून वापरतात. २०१९ चा एकेजी के३७१ त्या रेषेच्या जवळ बेतलेला आहे आणि तो महागड्यांच्या रांगेत बसतही नाही. मग जास्त पैशात काय मिळतं? कपातला तो हौद खरोखर कमी होतो, तबला आणि तंबोरा एकमेकांवर सांडत नाहीत, बारीक तपशील सुटा ऐकू येतो, बांधणी टिकते. हे फरक खरे आहेत. दहा हजारांवरून तीस हजारांवर जाताना ते सहज कळतात. दोन लाखांवरून चार लाखांवर जाताना कळले असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

दुसरी किंमत कानाभोवतीची, आणि माझ्या मते तीच मोठी. बंद हेडफोनचा खर्ज टिकतो तो पॅड डोक्याला हवाबंद टेकले तर. कुठे बारीकशी फट राहिली की शंभर-दोनशे हर्ट्झखालचा आवाज त्या फटीतून पळतो. तो बाहेर कोणाला ऐकूही जात नाही, नुसता तुमच्या कानातून गायब होतो. मग डग्ग्याची घुमक कागदी वाटते. पुरुष गायकाचा काळी एकचा तंबोरा असेल तर त्याचा खर्ज ६९ हर्ट्झला येतो. तो पूर्ण नाहीसा होत नाही, कारण तंबोऱ्याचा खर्ज आपल्याला बराचसा वरच्या स्वयंभू स्वरांतून कळतो, पण त्याचं अंग जातं. चार लाखांचा हेडफोन अशा फटीपुढे चार हजारांचा होतो.

फट कशाने पडते? सगळ्यात आधी चष्म्याच्या काड्या. मग केस: कानावरून मागे घेतलेली बट, वेणीचा पीळ. जबड्याच्या मागचा खळगा काहींना खोल असतो, तिथे पॅड टेकतच नाही. आणि कानातलं. आमच्याकडे मालिकेच्या मुली झुमके घालून येतात. झुमका पॅडखाली अडकतो, शिवाय मान हलली की किणकिणतो, म्हणून बूथच्या दाराशी मी एक स्टीलची वाटी ठेवली आहे. त्यात सगळं काढून ठेवायचं. कुडी किंवा खडा असेल तर चालतं, पण पाऊण तासाने पाळी दुखायला लागते.

दुकानात ही फट तपासायला यंत्र लागत नाही. एकसारखा वाजणारा तंबोरा लावा, किंवा पखवाज. हेडफोन घाला आणि दोन्ही कप तळहातांनी हलकेच डोक्याकडे दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम भरून आला, तर हा हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाही, मग नाव कितीही मोठं असो. तो खाली ठेवा. नंतर चष्मा काढून पुन्हा ऐका. फार फरक पडला तर जाड आणि मऊ पॅडचा बघा किंवा काड्या बारीक असलेला चष्मा करून घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बरंच काही मिळतं, पण काउंटरवर उभं राहून, मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना हेडफोन कळत नाही. बसून, निदान अर्धा तास डोक्यावर ठेवून बघायला देणारं दुकान शोधा. पहिल्या पाच मिनिटांत जो सर्वांत चमकदार वाटतो, तोच अर्ध्या तासाने डोक्यात जातो.

वजनही त्या अर्ध्या तासातच कळतं. ऑडेझीचा एलसीडी-एक्ससी साधारण साडेसहाशे ग्रॅमचा. आवाजावर जीव टाकणारे लोक आहेत, पण अख्खी मैफल ऐकायची तर मान तयार हवी. डीटी ७७० पावणेतीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. दोन्ही बाजूंनी किती चिमटतो तेही बघा. चिमटा ढिला तर फट, घट्ट तर कानशिलं ठणकतात.

ऐकायला काय न्यायचं? दुकानदाराची स्फोटक गाणी नकोत, सगळंच त्यावर भारी वाजतं. ज्या ध्वनिमुद्रणाचा कोपरान् कोपरा तुम्हाला ठाऊक आहे, ते न्या. मी तीन गोष्टी ऐकते. एकट्या माणसाचं साधं बोलणं, कारण हौद असेल तर तो बोलण्यात पहिल्यांदा कळतो. बाईच्या आवाजातली तार सप्तकातली तान, ती टोचते का ते. आणि जुनं, मोनोतलं एखादं भावगीत. मोनोत गायक बरोबर कपाळामध्ये उभा राहायला हवा, एका बाजूला कलला तर दोन कप जुळलेले नाहीत.

अँपबद्दल लोक फार घाबरवतात. हेडफोनवर ओहमचा आकडा असतो. डीटी ७७० तीन तऱ्हांत मिळतो: ३२, ८० आणि २५० ओहम. २५० वाल्याला जास्त व्होल्टेज लागतं, फोनला थेट जोडला तर आवाज पुरत नाही असं वाटतं. फोन किंवा लॅपटॉपवरून ऐकणाऱ्याने ३२ किंवा ८० घ्यावा आणि एक बरा डोंगल. महाग बंद हेडफोनमध्येही बरेच कमी ओहमचे असतात, स्टेलिया ३५, टीएच९०० तर २५. झेनहायझर एचडी ८२० मात्र ३००, त्याला अँप हवाच. वायरीवर हजारो रुपये खर्चू नका. वायर सुटी होणारी आणि बदलता येणारी आहे का तेवढं बघा, कारण हेडफोनमध्ये पहिली तीच जाते.

कानांचं एक सांगायलाच हवं, कारण बंद हेडफोनचा खरा फायदा इथे आहे आणि दुकानात तो कोणी सांगत नाही. बाहेरचा गोंगाट कमी झाला की आवाज वाढवायची गरज उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकलेलं सुरक्षित, ९० वर गेलात तर फक्त ४ तास. दर तीन डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते, म्हणून हिशेब इतक्या वेगाने आकसतो. माझी पद्धत अशी: आवाज ठरवायचा तो कामाच्या सुरुवातीला, कान ताजे असताना, आणि मग बटणाला हात लावायचा नाही. दुपारी कमी वाटायला लागला की तो कमी झालेला नसतो, कान थकलेले असतात. तेव्हा चहा घ्यायचा.

राहता राहिला आपला पावसाळा. युरोपात बनलेले हे कप कोरड्या हवेच्या खोल्यांत ऐकायचे असतात. मुंबईत जून ते सप्टेंबर कृत्रिम चामड्याचे पॅड घामाने चिकटतात, मग त्यांना भेगा पडतात आणि काळ्या खपल्या गालाला लागतात. भेगा पडलेला पॅड म्हणजे पुन्हा फट. मखमली पॅड घामाला बरे, पण त्यांतून थोडा खर्ज आणि थोडा बाहेरचा आवाज सुटतो, आणि कपाचा एकूण स्वभावही बदलतो. दुसऱ्याच कंपनीचे पॅड चढवले तर त्याहून जास्त. वापरून झाल्यावर सुती फडक्याने पुसायचं, अर्धा तास पंख्याखाली उघडं ठेवायचं, मग सिलिका जेलच्या पुडीबरोबर डब्यात. ओल्या पॅडसकट कडक केसमध्ये कोंबलं तर आठवडाभरात बुरशीचा वास येतो. आणि बिल करण्याआधी दुकानदाराला मूळ कंपनीच्या पॅडच्या जोडीची किंमत विचारायची, ती भारतात मिळते का तेही. त्याला सांगता आलं नाही, तर दुसरं मॉडेल बघायचं.